सहावी वही

१

रोज सकाळी साडेसहाला इब्तिहाल कंटेनरचं दार उघडायची, पंखा लावायची, किटलीत सुकं लिंबू टाकून पाणी उकळत ठेवायची आणि मग लांब टेबलावर पाच टॅब एका ओळीत मांडायची. सुरुंग काढणाऱ्या पाच तुकड्यांचे पाच टॅब. पाण्याला उकळी येईपर्यंत त्यांचं आपसात बोलून झालेलं असायचं.

हे बोलणं तिचीच करामत होती. पूर्वी सुरुंगांचे सगळे नकाशे बसऱ्याच्या मुख्य कचेरीतल्या एका मोठ्या संगणकावर असत. सीमेलगतच्या या खारपट्ट्यात आठवड्यातले चार दिवस नेटवर्क नसायचं, आणि तुकड्या आठ-आठ दिवस शिळ्या नकाशावर काम करत राहायच्या. अशाच एका शिळ्या नकाशावर भरवसा ठेवून दाखिल नावाच्या माणसाने पाय टाकला. आता तो कुबडी घेऊन चालतो. तो इस्पितळात होता त्याच आठवड्यात इब्तिहालने मोठा संगणक हा प्रकारच काढून टाकला.

आता प्रत्येक टॅबमध्ये सगळाच्या सगळा नकाशा असे. प्रत्येक टॅबची स्वतःची एक वही होती आणि तिच्यात तो टॅब सोडून दुसऱ्या कुणालाही लिहिता येत नसे. दोन टॅब दोनेकशे पावलांच्या आत आले, की मध्ये कुणीही नसताना ते एकमेकांच्या वह्या पडताळत. ज्याच्याकडे जे नसेल ते तो दुसऱ्याकडून उतरवून घेई. लिहिलेली ओळ पुसण्याची सोय नव्हती. चूक झाली तर खाली नवी ओळ लिहायची. वरची चूक तशीच राहायची. म्हणून कालचा, परवाचा, वर्षापूर्वीचा नकाशा हवा तेव्हा जसाच्या तसा उघडता येई. या सगळ्याला ती 'दफ्तर' म्हणायची. ते सुरू होऊन पावणेदोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून एकाही माणसाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी ते पाच टॅब मांडताना तिची मान जराशी ताठ व्हायचीच.

एप्रिलमधल्या एका सकाळी टॅबवर त्या क्षणी जोडलेल्या वह्यांचा आकडा दिसला: वह्या ६.

ती चष्मा पुसेपर्यंत तो परत पाच झाला.

"सित्त इब्तिहाल, चहा माणसांना मिळणार की आधी यंत्रांना पाजणार?" दारातून अबू वसन आत आला. पाचही तुकड्यांचा प्रमुख; इब्तिहालला तो आदराने सित्त, म्हणजे बाई, म्हणे. बावीस वर्षं याच कामात मुरलेला. खरं नाव मिझहर, पण थोरल्या मुलीच्या नावावरून सगळे त्याला अबू वसनच म्हणत.

"काल कुणी नवा टॅब आणलाय का?"

"मला जुनाच नीट चालवता येत नाही. नवा कशाला आणू?"

तिने नकाशा उघडला. कालव्यापलीकडचा नऊ नंबरचा भाग नेहमीसारखा लालभडक होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या युद्धात पेरलेला, अजून कुणीही पाय न ठेवलेला. आणि त्या लाल रंगात, कडेपासून बराच आत, एक हिरवा ठिपका होता.

हिरवा म्हणजे मोकळी जागा. इथे पाय ठेवायला हरकत नाही, असं कुणीतरी लिहिलं होतं.

२

लाल भागातला खोटा हिरवा ठिपका म्हणजे काय, हे तिला दाखिलच्या पायाने शिकवलं होतं. तिने त्या दिवशी नऊ नंबरच्या कडेचं सगळं काम थांबवलं आणि पाचही तुकड्यांना एकेक करून विचारलं. तिसऱ्या तुकडीची रघद हसायलाच लागली. "अगं, मला दोन पोरं आहेत. तिथे जाऊन ठिपका ठेवायची हौस असती, तर लग्नच केलं नसतं."

इब्तिहाल यंत्रांना घाबरणारी नव्हती. यंत्र चुकतं तेव्हा त्यामागे कारण असतं, आणि ते शांतपणे शोधलं की सापडतं. दुसऱ्या दिवशी तिने चार टॅब बंद करून एकच चालू ठेवला. सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आकडा दोन झाला, अकरा सेकंद तसाच राहिला आणि परत एक झाला. तिसऱ्या दिवशी दुसरा टॅब. तेच. चौथ्या दिवशी ती एक टॅब गाडीत घालून चाळीस किलोमीटरवर घरी घेऊन गेली. तिथे काही आलं नाही. म्हणजे बिघाड टॅबमध्ये नव्हता. कंटेनरपासून दोनशे पावलांच्या आत कुठेतरी सहावं यंत्र होतं.

रोज त्याची एक ओळ येत होती. ना नाव, ना तारीख. फक्त जागा, आणि एकच शब्द: मोकळी. जागा रोज तीच.

तिने बसऱ्याला डॉक्टर निझारांना फोन लावला. हे संस्थेचे प्रमुख.

"मिटवून टाका," ते म्हणाले.

"मिटवता येत नाही, डॉक्टर. पुसता येणार नाही असंच तर आपण ते बांधलं."

"मग ती वही घेऊ नका."

"मुख्य नकाशात घेतलेली नाहीच. वेगळी ठेवलीय. पण ती लिहितंय कोण?"

"तिकडे पोरंटोरं असतात, तस्कर असतात. इब्तिहाल, तुम्ही दोन दिवस रजा घ्या पाहू."

फोन ठेवला तेव्हा बाहेर मिठाची खपली मोडल्याचा आवाज आला. या जमिनीवर मीठ पापडासारखं साचतं आणि माणूस चालला की पायाखाली करकरतं. एकदाच करकरलं. तिने खिडकीतून पाहिलं. बाहेर ऊन होतं आणि तुकड्या जेवायला गेल्या होत्या. तापल्यावर मीठ आपोआपही तडकतं, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं.

३

पाचव्या दिवशी ती टॅब घेऊन थेट नऊ नंबरच्या लाल फितीपाशी गेली आणि एका रिकाम्या पेटीवर बसली. सकाळचे दहा वाजले होते. समोर युद्धात शेंडे उडालेली खजुराची झाडं नुसत्या खांबांसारखी उभी होती. त्यांच्या पायथ्याशी पांढरं मीठ, आणि दूरवर कालव्याचा गंजलेला लोखंडी दरवाजा.

आकडा दोन झाला. अकरा सेकंद गेले. एक मिनिट गेलं. जोड तुटली नाही. सिग्नलच्या पाचांपैकी चार रेघा भरल्या होत्या; आजवर कंटेनरमध्ये एकच भरायची.

आणि वही उतरायला लागली. आजवर घाईघाईत फक्त शेवटची ओळ पोचत होती. आता मागची मागची पानं आली. ती थांबली तेव्हा चारशे एकतीस ओळी झाल्या होत्या.

तिने पहिली आवृत्ती उघडली. एकच हिरवा ठिपका, कालव्याच्या दरवाजापाशी. दुसरी उघडली. ठिपका दोन वीत अलीकडे. तिसरीत आणखी तीन वीत. मग ती एकामागून एक आवृत्त्या पुढे सरकवत गेली, भराभर, आणि ठिपका चालू लागला.

चालत होता. दुसरा शब्दच नव्हता. डावं, उजवं, डावं. कुठे पाऊल आखूड पडलेलं, कुठे काहीतरी ओलांडल्यासारखं लांब. एकदा तो एक पाऊल मागे गेला आणि बाजूने वळसा घालून पुढे आला. मध्ये एका जागी तो अकरा ओळी नुसताच उभा होता. यंत्र दमत नाही. हा ठिपका दमत होता.

दिवसाला एक पाऊल. चारशे एकतीस दिवस. आणि दिशा एकच: दरवाजाकडून इकडे, फितीकडे, जिथे ती बसली होती.

शेवटच्या सव्वीस ओळी एकाच जागेच्या होत्या. ती जागा तिने नकाशावर मोजली. फितीपासून चाळीस पावलं.

इब्तिहालने मान वर केली. चाळीस पावलं म्हणजे फार नाही. तिथला माणूस नुसता बोलला तरी ऐकू आला असता. तिथे दोन बोडक्या खजुरांच्या मध्ये सपाट मीठ होतं, आणि वर उन्हाची थरथर. काहीच नव्हतं. पण त्या थरथरीत एक उभी जागा स्थिर होती. तिथली हवा हलत नव्हती.

पाचवी रेघ भरली.

ती उठली, पाठ न वळवता मागे सरकत रस्त्यावर आली, आणि मगच पळाली.

४

पळाली तशी रजेवरही गेली असती, पण त्याच दुपारी हज्जिया नौफा कंटेनरवर येऊन बसली.

अबू सिदरा हे तिचं गाव कालव्याच्या अलीकडे होतं. युद्धात सगळं गाव उठलं. चौदा महिन्यांपूर्वी सत्तरीतली नौफा पहिल्यांदा परत आली, तिने पडक्या भिंतीला भिंत जोडली आणि चूल पेटवली. तिच्या मागोमाग अकरा घरं आली. त्यांनी खजुराची तीनशे रोपं लावली होती. त्यांना गोडं पाणी हवं होतं आणि ते नऊ नंबरमधल्या त्या लोखंडी दरवाजापलीकडे अडलं होतं.

"खाडीचं पाणी वर चढलंय, लेकी," ती म्हणाली. "काल विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. रोपांची पानं कडेने करपायला लागलीत. तुमचं मशीन काय म्हणतं?"

"दरवाजापर्यंत वाट काढायला सात महिने, हज्जिया."

"सात महिन्यांनी मी तिथे लाकडं तोडायला येऊ?" नौफा रागावली नव्हती, तिने चहाचा पेला हळूच खाली ठेवला. "अगं, एकदा उठलो तेव्हा तोफा होत्या. आता मिठाने उठवलं, तर पोरं पुन्हा येणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

ती गेल्यावर इब्तिहालने अबू वसनला बसवलं आणि टॅबवर ती चाल दाखवली. त्याने ती तीनदा पाहिली.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"सित्त, मला लपवाछपवी नको."

"खरंच माहीत नाही. पण जे कोण आहे, ते दरवाजापासून इथपर्यंत आलंय आणि फुटलेलं नाही. आता सव्वीस दिवस अडलंय. समोरचा चाळीस पावलांचा पट्टा बघा. युद्धाच्या जुन्या कागदांत तिथे तीन ओळी सुरुंग आहेत, सगळ्यात दाट. आतलं त्याला माहीत आहे. हे माहीत नाही."

"आणि आपल्याला?"

"आपल्याला आतलं माहीत नाही. पण हा पट्टा काढता येतो. तुम्हीच काढता."

अबू वसनने नखाने टेबल खरवडलं. "म्हणजे आपण इकडून जायचं आणि त्याला गाठायचं."

"त्याचा एकही ठिपका मी खरा मानणार नाही. प्रत्येक वीत शोधयंत्राने आणि सळईने तपासायची, तो नसता तर तपासली असती तशीच. पण वाट कुठेतरी काढायचीच आहे ना? मग त्याच्या दिशेने काढू."

डॉक्टर निझारांना तिने एवढंच सांगितलं, की पाचही तुकड्या आळीपाळीने एकाच वाटेवर लावते आणि दिशेचा निर्णय माझा. "कशाच्या आधारावर?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "माहितीच्या." खोटं ती बोलली नव्हती.

५

पट्ट्याला नऊ दिवस लागले. मीटरभर रुंदीची वाट, दोन्ही बाजूंना पांढरे खुंट. पहाटेपासून अकरापर्यंत काम. मग ऊन चिलखताच्या आत शिरायचं. चाळीस पावलांत सतरा सुरुंग निघाले. रोज दुपारी ते जागच्या जागी उडवत, आणि रोज गावातली बायकामाणसं भिंतीआड उभी राहून मोजत.

पुढे राहायची पाळी बहुतेक रघदची असे, कारण तिचा हात सगळ्यांत हलका. सहाव्या दिवशी ती शिरस्त्राण काढून इब्तिहालजवळ बसली.

"एक विचारू? पुढे कुणी आहे का?"

"का गं?"

"मी सळई खुपसते तेव्हा सगळं शांत असतं. मी थांबून श्वास घेते ना, तेव्हा पुढे मीठ करकरतं. थोडंसंच. रांगेत उभं राहून पाय अवघडले की माणूस वजन या पायावरून त्या पायावर टाकतो, तसं."

"ऊन लागलं असेल."

"असेल," रघद म्हणाली. दोघींनाही ते पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पाळी बदलून मागितली नाही, उलट नेहमीपेक्षा लवकर आली. "बिचारं उभं आहे," एवढंच म्हणाली आणि तोंडावरची काच खाली ओढली.

नवव्या दिवशी साडेदहाला तिने हात वर केला. इब्तिहाल खुंटांमधून तिच्यामागे गेली. समोर, दोन बोडक्या खजुरांच्या मध्ये, मिठाच्या पापडात दोन खळगे होते. पावलांचे ठसे नव्हेत. बोटं, टाच, काही नाही. जुन्या पायरीचा दगड झिजतो तसं तिथलं मीठ झिजलं होतं, शेजारी शेजारी, पायांच्या अंतराने.

खळग्यांभोवती सळई फिरली. जागा मोकळी होती. त्याने लिहिलं होतं तशीच.

त्या दिवसापासून सहाव्या वहीत एकही नवी ओळ आली नाही. मात्र जोड तुटेनाशी झाली. जो टॅब वाटेत आत जाई त्यावर आकडा चढे, आणि पाचही रेघा भरलेल्या असत. कंटेनरमधल्या टॅबवर नाही. काम संपवून तुकडी फितीबाहेर आली की रेघा एकेक करून विझत. जणू कुणीतरी दिवसभर खांद्याला खांदा लावून चालायचं आणि माणसं घरी निघाली की वाटेच्या तोंडाशी थांबायचं. पट्टा आता मोकळा होता, चाळीस पावलं. चालून बाहेर येता आलं असतं. पण येत नव्हतं. इब्तिहाल हे रोज पाहत होती.

६

पुढची वाट त्याच्या पावलांवरून निघाली, उलटी. आणि ती खरी निघाली. जिथे त्याने लांब ढांग टाकली होती तिथे खाली सुरुंग होता. जिथे तो एक पाऊल मागे सरकला होता तिथे, अर्ध्या वितीवर, उडी मारून फुटणाऱ्या जातीचा डबा होता. ज्या जागी तो अकरा दिवस उभा राहिला होता तिथे अबू वसन स्वतः गेला. पाऊण तासाने परतला तेव्हा त्याची दाढी घामाने चिकटली होती.

"तार," तो म्हणाला. "गुडघ्याएवढ्या उंचीवर, गंजून केसासारखी झालेली. सूर्य तिरपा असला तरच चमकते." पाण्याची अर्धी बाटली त्याने डोक्यावर ओतली. "अकरा दिवस, सित्त. तार कुठून कुठे जाते हे कळायला मलासुद्धा शोधयंत्र लागलं. त्याने नुसतं उभं राहून शोधलं."

त्याच संध्याकाळी, ऊन उतरायला लागलं असताना, इब्तिहालच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली आणि ती इतके दिवस का आली नाही याची तिला लाज वाटली. दफ्तरात घेणं एकतर्फी नसतं. आपण त्याची वही उतरवून घेतली, तशी त्यानेही आपल्याकडून काहीतरी घेतलं असणार. काय?

देवाणघेवाणीची नोंद तिने काढली. सहाव्या यंत्राने सुरुंगांचे नकाशे मागितले होतेच. पट्ट्यातल्या सतराच्या सतरा सुरुंगांचा हिशेब त्याच्याकडे गेला होता. पण त्याहून आधी, पहिल्याच दिवशी, त्या अकरा सेकंदांत, त्याने दुसरंच काहीतरी मागितलं होतं. नकाशांशी संबंध नसलेला एक छोटा तक्ता. गावात परत आलेल्या घरांची, टॅबमध्येच ठेवलेली यादी. कुठल्या घरात कोण आलं, कोण वारलं, कुणाचा अजून पत्ता नाही.

तो तक्ता त्याने एकदाच घेतला नव्हता. रोज घेतला होता. बदल झाला असो वा नसो, रोज, एखाद्याने घरचं पत्र पुन्हा पुन्हा वाचावं तसा.

फितीपाशी पेटीवर बसली होती त्या दिवसापासून तिने चारशे एकतीस दिवस मागे मोजले. उत्तर यायच्या आधीच ते तिला माहीत होतं. पहिलं पाऊल ज्या दिवशी पडलं, तो नौफाने चूल पेटवली तो दिवस होता.

त्या यादीत 'पत्ता नाही' असं लिहिलेली एकोणीस नावं होती. इब्तिहालने ती वाचायला सुरुवात केली, आणि चौथ्या नावाला टॅब पालथा घातला. तिला नाव नको होतं. नाव ठेवलं की ती एका माणसाची गोष्ट झाली असती आणि उरलेल्या अठरा जणांची माणसं पुन्हा रडली असती. ती दारात येऊन उभी राहिली. पलीकडे वाटेचे पांढरे खुंट उन्हात दात विचकल्यासारखे दिसत होते. ती भीत होती, नाही असं नाही. पण आता त्या भीतीत कुणाची तरी वाट पाहणंही होतं.

तिने सहावी वही मुख्य नकाशात घेतली. प्रत्येक ठिपका आता सळईने तपासलेला होता. ते कारण पुरेसं होतं.

७

सात महिन्यांचं काम अडतीस दिवसांत झालं. वाट ताब्यात द्यायच्या सकाळी सगळं गाव फितीपाशी जमलं होतं. बसऱ्याहून डॉक्टर निझारही आले होते, नव्या बुटांत. अशा दिवशी रीत एकच: ज्यांनी सुरुंग काढले त्यांनी आधी स्वतः चालून दाखवायचं. पाचही तुकड्या हातात हात घालून, चिलखताशिवाय, गात गात गेल्या आणि परत आल्या. रघदने तर परतताना चपला हातात घेतल्या होत्या.

मग अबू वसन वाटेच्या तोंडाशी मोजणीचं बटण घेऊन उभा राहिला आणि गाव आत निघालं. सगळ्यांत पुढे नौफा. "हळू, हज्जिया," तो म्हणाला. "खुंटांच्या बाहेर पाय नको."

"चाळीस वर्षं हळूच चालतेय," नौफा म्हणाली. "आता बाजूला हो."

एकामागून एक सगळे गेले, मीठ मोडत, खांद्यांवर लेकरं घेऊन. इब्तिहाल त्यांच्यामागे गेली नाही. ती अबू वसनजवळच उभी राहिली. दूरवर माणसांचा घोळका दरवाजाला भिडला. चाक गंजलं होतं. आठ माणसं लटकली, मग बायका लटकल्या, आणि एकदम असा आवाज झाला, की निम्मे लोक दचकून खाली बसले. पण तो लोखंडाचा होता. दरवाजा हातभर उचलला गेला, आणि कोरड्या कालव्याच्या तळाशी तपकिरी पाण्याची जीभ पुढे सरकली. फेस, काटक्या, मग पाणीच पाणी. बायकांच्या आरोळ्या सगळ्या खारपट्ट्यावर घुमल्या.

माणसं परत आली ती पाण्याशी शर्यत लावूनच. कालवा वाटेच्या बाजूने वाहत होता आणि लोक खुंटांमधून पळत, हसत, एकमेकांना ढकलत येत होते. "पळू नका! अरे, पळू नका!" अबू वसन ओरडत होता आणि त्याचा अंगठा बटणावर पडत होता. टक, टक, टक. बाहेर आलेले थेट कालव्यात उतरत होते. नौफाने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, सगळे तिच्याकडे बघत थांबले. तिने ते गिळलं.

"गोडं!" ती ओरडली आणि मग कुणाचंच कुणाला ऐकू येईना. डॉक्टर निझारांचे नवे बूट पाण्यात होते आणि ते कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या गळ्यात पडून रडत होते.

वाट रिकामी झाली. अबू वसनने बटणाकडे पाहिलं. मग इब्तिहालकडे. त्याचा चेहरा मिठासारखा झाला होता.

"आत किती गेले?" तिने विचारलं.

"एकसष्ट."

"बाहेर?"

त्याने बटण तिच्यापुढे धरलं. बासष्ट.

"गर्दीत एखादं जास्त दाबलं गेलं असेल," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"सित्त," तो हळू बोलला, "बावीस वर्षं मी या तोंडाशी उभा राहून माणसं मोजतोय. एक कमी भरला तर काय करायचं ते मला झोपेतही माहीत आहे. एक जास्त कधी भरला नव्हता."

इब्तिहालने घोळक्याकडे पाहिलं. कालव्यात माणसंच माणसं होती, भिजलेली, एकमेकांत मिसळलेली. त्या सगळ्या चिखलाळ पायांमध्ये, काठावरून पाण्यात उतरणारे दोन पाय तिला दिसले. गुडघ्यापर्यंत पांढरे. मिठाचा थर इतका जाड, की सांध्यांवर तडे गेले होते. पाण्याला ते टेकले आणि भोवतालचं पाणी दुधासारखं झालं. थर विरघळायला लागला. मग मध्ये कुणाची तरी पाठ आली, कुणीतरी पाणी उडवलं, नौफा कुणाचा तरी हात घट्ट धरून त्याला खोल पाण्याकडे ओढत होती, आणि पांढरं काही उरलं नाही.

अबू वसनने कागद पुढे केला. ताबापत्रावर आत गेलेल्यांचा आणि बाहेर आलेल्यांचा आकडा लिहावा लागे, आणि दोन्ही जुळल्याशिवाय वाट बंद करता येत नसे.

"काय लिहू?"

"आत एकसष्ट गेले, तेच लिहा," इब्तिहाल म्हणाली. "बाहेर बासष्ट. आणि पुढे लिहा, सगळे सुखरूप."

त्याने लिहिलं. मग पेन खिशात घातलं, बूट काढले, आणि तोही पाण्यात उतरला.